पहिली उलटी

भावोजी,

तुमच्या कारखान्यातले सहा कामगार तपासले. सोबत तुमची चिठ्ठी होती : "वहिनी, पोटं बिघडलीत, गोळ्या देऊन पिटाळा." घरात डॉक्टर असली की केवढी सोय! पण बिघडलेल्या पोटाने तळहात भाजत नाहीत; किरणोत्सर्गी वस्तू हातात धरल्याने भाजतात. पहिली उलटी किती वेळाने झाली, हे मी प्रत्येकाला विचारलं. किरणांचा मारा जितका जबर, तितकी ती लवकर होते. वेल्डर कुजबुजला, "साहेब म्हणालेत, झालीच नाही सांगा. पण बाई, अर्ध्या तासात झाली हो!"

तो बहुधा वाचणार नाही. हे त्याला सांगायला माझी जीभ रेटली नाही. चौकशी अधिकाऱ्यांना मात्र सगळं सांगितलं, आपल्या नात्यासकट. ते चारला तुमच्या दारात असतील, म्हणून हे पत्र पाठवत नाही. दुपारची झोप गाढ लागो.

तुमची हक्काची,
वहिनी