पडद्याखालचा प्रश्न

देवपूर, धुळे
शनिवार, १३ नोव्हेंबर १९९३

पाटाच्या प्रवाहाचे गणित करणारा माझा प्रोग्राम कॉलेजच्या संगणकावर निर्दोष चालतो. भावाने पाठवलेल्या तळहाताएवढ्या संगणकावर मात्र तो आज अर्ध्यातच थिजला, आणि सोमवारी तर पांझरा नदीच्या बंधाऱ्यावर तो चालवून दाखवायचा आहे. आमच्याच विभागातल्या सोनवणे सरांनी डोकावून विचारलेच, "काय मॅडम, खेळणं रुसलं का?"

पण थिजला का? बिघडलेले यंत्र इतके शांत नसते. याचा पडदा पट्टीसारखा, रुंद पण बुटका. कॉलेजच्या पडद्यावर मावणाऱ्या पंचवीस ओळींपैकी इथे सोळाच दिसतात. मग उरलेल्या नऊ जातात कुठे? बाणाची कळ दाबून दृश्य खाली सरकवले, तर तळाशी माझाच प्रश्न उभा: आकडे बरोबर आहेत का? यंत्र तासभर माझ्या होकारासाठी थांबले होते.

होकार दिला. उत्तर अचूक आले.

"जमलं की. खाली सरकवायचं तुम्हाला माहीत आहे, मग राहू द्या ना," सर म्हणाले. मला माहीत आहे. पण सोमवारी यंत्र पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याच्या हातात असेल. म्हणून सगळी मांडणी सोळा ओळींत बसवायला घेतली आहे. कोणत्या नऊ ओळी मुळातच नको होत्या, हेही त्यात कळेल.