बारा नट्यांच्या फोटोओळी

३ ऑक्टोबर, गुरुवार
श्रीरंगनं डायालिसिस बंद करायला सांगितलं. डॉक्टर म्हणाले, एक-दोन आठवडे.
गाडीत मला म्हणाला, "अनयाला सांगू नकोस. बारा तारखेला तिचं नाटक आहे. प्रयोग होऊ दे, मग सांग." लेक अल्फारेटा गावात, इथून गाडीनं सहा तासांवर. मी हो म्हटलं. चाळीस वर्षं वर्तमानपत्रात काढली — ठरल्या वेळेआधी बातमी फोडायची नाही, हे हाडात मुरलंय.

५ ऑक्टोबर
म्युझियममधल्या रुचाचा फोन. "काकू, शुक्रवारी कॅटलॉग प्रिंटला जातोय हं, प्लीज!" दीडशे वर्षांपूर्वीच्या बारा नट्यांचे फोटो, शोकांतिकांच्या वेशात. विषाचा पेला धरलेली राणी. पोटची पोरं मारून बसलेली आई. प्रत्येकीखाली चार ओळी लिहायच्या.
श्रीरंग जन्माचा प्रेस फोटोग्राफर — भिंग घेऊन बसलाच. "झग्यामागे बघ, लोखंडी स्टँडचा पाय. डोकं मागून चिमट्यात धरलंय. हललं की फोटो गेला! आक्रोश करायचा, पण मान हलवायची नाही."

६ ऑक्टोबर
पाच झाल्या.

८ ऑक्टोबर, मंगळवार
अनयाचा व्हिडिओ कॉल. नाटकात ती मुलगा गमावलेली आई आहे. "आई, तुझ्या त्या लेडीज कशा रडतात? शो मी!" मी हात कपाळाशी नेऊन दाखवला. एरवी खिदळली असती.
"बाबा?"
"झोपलेत."
खोटं नव्हतं. हल्ली सारखाच झोपतो. पाय सुजलेत, अंगभर खाज.

१० ऑक्टोबर
दिवसभरात दोन चमचे पेज. म्हटलं, "आता सांगतेच तिला."
"दोनच दिवस!" आवाज नव्हता, पण डोळे वटारले. मग म्हणे, "अकरावी बाई राहिलीय ना? लिही जा."
लिहिली. चांगली उतरली, याचीच लाज वाटली.

११ ऑक्टोबर, शुक्रवार
दुपारी दोनला बाराही पाठवल्या. "यू आर द बेस्ट, काकू!" — रुचा.
ते सांगायला खोलीत गेले. श्रीरंग गेला होता. हात अजून गरम.
अनयाला फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला. गाडीचा आवाज येत होता.

१२ ऑक्टोबर
ती नाटक सोडूनच निघाली होती. काल संध्याकाळी पोचली. बराच वेळ त्याच्या पायांशी बसली, मग म्हणाली, "बाबांनी मला मंडेलाच सांगितलं होतं. म्हणाले, आईचं काम फ्रायडेला दुपारी संपेल. त्याआधी येऊ नकोस."