घोंगड्याचा वास

पोर्तो, जानेवारीतला रविवार

आज संध्याकाळपासून एकटीच हसतेय. या फ्लॅटला हीटर नाही, भिंतींना ओल, आणि घोंगडं मात्र दोन महिने बॅगेत दडवलेलं. मेंढरांचा वास येतो म्हणून. लाज, दुसरं काय? आटपाडीहून निघताना आईनं माझा जाड कोट काढून तेच कोंबलं, तेव्हा किती भांडले होते तिच्याशी.

आज थंडीपुढं हरले. घोंगडं पसरून, अर्धं अंगावर ओढून बसले, तोच शेजारच्या मारियाआजी सूप घेऊन आल्या. वास लपवणार कुठं? त्यांनी दोनदा हुंगलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तर मोडक्या इंग्रजीत म्हणाल्या, "माझ्या बापाची मेंढरं होती, डोंगरात." आणि चपला बाजूला काढून घोंगड्यावर बसल्या. घोंगड्यावर चपलेनं चढायचं नसतं, हे आमच्या घरचं. त्यांना कुणी सांगितलं?

आईला व्हिडिओ कॉल लावून सगळं दाखवलं. तिनं आधी आजींचे पायच बघितले.

"चपला काढून बसलीया न्हवं? मग आपलीच हाय ती. म्हातारीचं पाय उघडं पडल्यात बघ, घे की घोंगड्यात."