ओजसनाथाचा पर्दाफाश

३ जून १९८४, रविवार
मीना आजही सत्संगाला. सकाळची आमटी गारच खाल्ली. खाता खाता निश्चय केला : या ओजसनाथ महाराजाचा भर सभेत पर्दाफाश करायचा. कोणीतरी करायलाच हवा, आणि वाशीत माझ्याइतका विवेकी माणूस दुसरा दिसत नाही.

६ जून
ऑफिसात चौकशी. महाराजाचं मूळ नाव गोटीराम. ठाण्यात फूटपाथवर दंतमंजन विकायचा. मग एकदम हिमालयात गेला आणि दाढी, कफनी नि फियाट घेऊन परत आला. पहिला आश्रम बायकांच्या भानगडीवरून गावकऱ्यांनी बंद पाडला. आता नवा, उरणला मोरा बंदराजवळ. हलकट माणूस! जेवताना मीनाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, पोळी वाढू का?

१० जून, रविवार
निरीक्षणासाठी स्वतः इथल्या वाशीच्या हॉलवर, सत्संगाला. (टीव्हीवरचा सिनेमा बुडाला.) महाराज तेलाऐवजी पाणी ओतून दिवा पेटवतो. आत कार्बाइड, पाणी पडलं की पेटणारा गॅस! शेंबडं पोरही सांगेल. बायका रडत होत्या. किळस आली. प्रसादाचा शिरा फक्त पुरावा म्हणून खाल्ला. दोन द्रोण.

१४ जून
कार्बाइडचा प्रयोग घरी करून दाखवला. खिडकीचा पडदा पेटला. तत्त्व सिद्ध झालं. मीना म्हणाली, महाराजांचा पडदा नाही पेटत कधी.

२४ जून, रविवार
घात. मीना गुरुपौर्णिमेला दीक्षा घेणार म्हणते. दीक्षा म्हणजे पुढे आश्रमातच राहायचं, सेवेला. इतक्या वर्षांचा संसार सोडून ही त्या मंजनवाल्याची भांडी घासणार! तिला तसं बोललो नाही. दंतमंजनावर बोललो, बराच वेळ.
सुदैवाने एक मेख आहे. सवाष्णीला एकटीला दीक्षा नाही. जोडीनेच बसावं लागतं, महाराज दोघांच्या गळ्यात एकच हार घालतो, तेव्हा ती पुरी होते. मी जन्मात बसणार नाही हे तिला माहीत आहे. रडली बिचारी.

२६ जून
शेजारचा कमळाकर म्हणाला, काय टेन्शन घेतो, त्या दिवशी घरी बस, मॅटर खलास. कमळाकरचा मार्केटात कांद्याचा गाळा. त्याला तत्त्वाची लढाई काय कळणार? घरी बसणं हा पळपुटेपणा आहे.

१ जुलै, रविवार
पुन्हा निरीक्षण. आरतीनंतर ज्याला वाटेल त्याने उभं राहून आपला अनुभव सांगायचा, अशी इथे रीत आहे. मध्ये कोणी बोलत नाही. म्हणजे मूर्खाने स्वतःच माईक माझ्या हातात दिल्यासारखं झालं! शिरा आज थोडा कमी गोड होता.

८ जुलै
भाषण तयार. आरशासमोर तालीम. झोप नाही, डोळे मिटले की त्याची दाढी दिसते. मीनाने विचारलं, इतकं कोणाशी बोलता? म्हटलं, गुरुपौर्णिमेला कळेल.

१३ जुलै, गुरुपौर्णिमा
हॉल खचाखच. आरती संपली, उभा राहिलो. म्हणालो, या माणसाने माझी झोप उडवली. अन्न गोड लागत नाही. उठता-बसता डोळ्यांसमोर हाच.
पुढचं वाक्य दंतमंजनाचं होतं. पण तेवढ्यात शंख वाजला. टाळ्या. बायका हमसून रडायला लागल्या. मी ओरडलो, भोंदू आहेस तू!
महाराज हसला. भक्तांना म्हणाला, बघा, ही विरोधभक्ती. रावणाची, कंसाची. तुम्ही मला रविवारी आठवता, हा चोवीस तास आठवतो.
चौघांनी मला धरून पुढे नेलं आणि मीनाच्या शेजारी बसवलं. मी उठणारच होतो. पण मीना माझ्याकडे बघून हसली. कितीतरी महिन्यांनी. मलाही बरं वाटलं. तेवढ्यात हार पडला. एकच, दोघांच्या गळ्यात. फोटो काढला.

१५ जुलै, रविवार
सकाळच्या एस.टी.ने मीना उरणला गेली. माझीही बॅग तयार होती. आश्रमात शिरून आतून पर्दाफाश करायचा, हा नवा प्लॅन. पण महाराजाचा निरोप आला : माझी साधना विरोधाची, ती लांबूनच होते. मी वाशीतच राहावं.
निघताना मीना माझ्या पाया पडली. म्हणाली, फार उपकार झाले. तुम्ही त्या दिवशी आला नसतात, तर माझं अडलंच होतं.
संध्याकाळी त्या हलकटाविरुद्ध तीन नवे मुद्दे सुचले. बिनतोड. सांगायला उठून स्वयंपाकघरात गेलो. तिथे कोणी नव्हतं.