कॉर्ड बदलायची वेळ

प्रिय बाबा,

तुमच्या अंगठ्याची सूज उतरली का? माझी तब्येत उत्तम आहे आणि आईने पाठवलेला पेकनचा केकही पोचला. पण मंगळवारच्या तालमीपासून मला स्वतःची किळस येते आहे.

आमच्या क्लबात ब्लूजचं तेच ते दळण चालतं, म्हणून मी आठवडाभर खपून गिटारच्या नव्या कॉर्ड आणि तुटक ठेका कागदावर मांडला होता. गायला ब्लूजच्या जुन्या मुलखातल्या, डेल्टातल्या व्हर्लीनबाई होत्या, तुमच्याच वयाच्या. त्या ओळ संपली की कॉर्ड बदलतात. मी कडव्याची ठरलेली बारा आवर्तनं मोजून बदलत होतो. त्या तीनदा अडखळल्या.

मालक म्हणाला, "म्हातारीला बारापर्यंत मोजता येत नाही!" आणि बाबा, मी हसलो.

त्या वळल्या. "बाळा, मी घरात चालत असताना तू खुर्च्या का हलवतोस?"

मग त्या माझ्या गिटारशिवाय गायल्या. एकही कडवं दुसऱ्यासारखं नव्हतं. कुठे श्वासभर थांबल्या, कुठे ठेका मागे खेचला. तुम्ही असंच वाजवता, आणि मी कॉलेजात मित्रांना सांगायचो, आमच्या बाबांना मोजता येत नाही.

मालकाला आता दुसरी गायिका हवी आहे. मी म्हटलं, त्या नसतील तर मीही नाही. "मग गिटार उचल," तो म्हणाला. उचलली. आईला एवढ्यात सांगू नका.

आज व्हर्लीनबाईंच्या स्वयंपाकघरात वाजवायला गेलो होतो. मोजायचं नाही असं ठरवूनही मी दोनदा त्यांच्या आधीच कॉर्ड बदलली.

तुमचा,
ऑबरी