दोन एमबीत मावेल तेवढंच

३ मार्च, पोर्ट लिंकन
पोचलो बाई एकदाच्या! मी आणि माझी टॅम्सिन, वय वर्षं आठ, बडबड अखंड. धक्क्यावर जोरी ट्रेगेन्झाच्या शेडमध्ये नोकरी लागली. ट्यूना मासेमारीच्या होड्यांवर त्याची वाट दाखवणारी यंत्रं बसतात. यंत्रं जुनी, मेमरीची जागा इवलीशी. त्यातलं लिनक्सचं कर्नेल, म्हणजे गाभाच, छाटून दोन एमबीत बसवायचं. आधीचा माणूस काम अर्धवट टाकून कुठे गेला कोण जाणे, असं जोरी म्हणाला. संध्याकाळी मासे-चिप्स. टॅम्सिनचे अर्धे चिप्स सीगल पक्ष्यांनी लांबवले, तर ही त्यांनाच रागे भरत बसली.

५ मार्च
आवाज, प्रिंटर, ब्लूटूथ उडवलं. तरी मावेना. जोरी चिडवतो, की अगं, होडीवर छापखाना काढायचाय का, छाट अजून! एकेक छाटत बसले तर म्हातारी होईन. आधीच्या माणसाची एक आज्ञा, म्हणजे कमांड, सापडली: या क्षणी जे जोडलेलं आहे तेवढं ठेवायचं, बाकी सगळं गाळायचं. चालवली. जीपीएस जोडायलाच विसरले, तोही गळाला. नवशिक्यांची ठरलेली चूक! जोरी खो खो हसला. टॅम्सिनची शाळा उद्यापासून, ती टेबलाखाली चित्रं काढत होती.

जोरीचा कुत्रा बिस्किट तेव्हा वाळूवर हुंदडत होता, तो परत आलाच नाही. विचारलं तर जोरी म्हणतो, कुत्रा? मी कधी पाळलाच नाही. थट्टाच असणार मेल्याची.

६ मार्च
सकाळी दहाला जीपीएस जोडून तीच आज्ञा पुन्हा चालवली. बरोब्बर बसलं!

तीनला शाळेच्या फाटकाशी उभी राहिले. सगळी पोरं गेली. बाई म्हणाल्या, या नावाची मुलगी आमच्याकडे नाहीच.

दहाला ती शाळेत होती. शेडमध्ये नव्हती.

७ मार्च
घरात एकच पलंग. जोरी हळूच म्हणाला, पोरी, तू एकटीच आली होतीस गं. — मी केलं. माझ्या हातांनी.

८ मार्च
गाळलेल्यांची यादी उघडली. प्रिंटर. बिस्किट. खाली — टॅम्सिन.
तिच्यापुढे ठेवायची खूण केली. मावत नाही. जरासंच जास्त — काय काढू? जीपीएस काढला तर होड्यांवरची माणसं —
ठेवलेल्यांत माझं नाव आहे. माप तिच्याएवढंच.

९ मार्च
माझी खूण काढली, तिची ठेवली; आता मावतं, चालवायचं तेवढं बाकी. जोरीला सांगितलं, तीनला फाटकाशी जा, आठ वर्षांची पोर असेल, तिला रडू देऊ नकोस. वेड लागलंय का तुला, म्हणाला. पण जातो म्हणाला.

टॅम्सिन, डबा ओट्यावर आहे. पावाच्या कडा कापल्यात. तुला आई नव्हतीच असं कोणी म्हटलं तर — भांड त्यांच्याशी — तुला आई —