भात कमी, वजन जास्त

चामराजपेट, बेंगळुरू

तीर्थरूप सत्यवतीअक्का,

साष्टांग नमस्कार. (प्रत्यक्ष घालायचा तर हल्ली पोट मधे येतं, म्हणून कागदावरच घालून घेतो.) धारवाडात तुझी तब्येत, तुझ्या प्रणीतची नोकरी, परसातला कढीपत्ता, सगळं ठीक असावं. आम्हीही ठीक आहोत, म्हणजे आता आहोत. मधे नव्हतो. फोनवर सांगायला गेलं की तुझं दूध उतू जातं आणि तू फोन ठेवतेस, म्हणून हे पत्र.

तर अक्का, दिवाळीनंतर माझं वजन वाढायला लागलं. वाढलं तर वाढलं, पण त्याला काही कारण नको का? पँट कमरेत सैल करून घेतली, ती पुन्हा घट्ट झाली. तोंड सुजल्यासारखं दिसायचं. बँकेतून रिटायर झालेला माणूस सुखावतो, असं लोक म्हणाले. मला सुख कुठे दिसत नव्हतं. सकाळी उठतानाच थकलेला असायचो, पेपर वाचता वाचता डोळा लागायचा, आणि पोट साफ होण्याविषयी तर पत्रात काय लिहावं!

तुझ्या भावजयीने, राजलक्ष्मीने, उपाय सुरू केला. आधी तूप बंद, मग रात्रीचा भात बंद, मग शेंगदाण्याच्या चटणीची बरणी कपाटात आणि किल्ली तिच्या कमरेला. मी निमूटपणे काकडी खाल्ली. वजन वाढलंच. मग तिने सरळ निष्कर्ष काढला की हा माणूस बाहेर खातो. शेजारच्या अनुसूयाम्मांनी त्यात भर घातली, "तुमचे यजमान त्या डोशाच्या हॉटेलाकडे चालले होते." (हॉटेलाच्या पलीकडे पार्क आहे, आणि मला चालायला पाठवलं होतं ते राजलक्ष्मीनेच. पण हे कोण ऐकणार?) मी देवाशपथ सांगितलं, काही खात नाही. ती "सरी, सरी," म्हणजे बरं, बरं, म्हणाली आणि भांडी जोरात आपटली. अक्का, एवढ्या वर्षांच्या संसारात तिने माझ्यावर अविश्वास दाखवला तो डोशावरून. वजनापेक्षा ते मनाला फार लागलं.

एप्रिलात एके सकाळी मी फिरायला निघालो, आणि या दोघी माझ्या मागोमाग आल्या. मला रंगेहात पकडायचं ठरलं होतं. मी हॉटेल ओलांडून पार्कात गेलो, अर्धी फेरी कशीबशी मारली आणि पाय जड झाले म्हणून बाकावर टेकलो. जाग आली तेव्हा समोर दोघी उभ्या. माझ्या अंगात स्वेटर, कानाला मफलर, आणि आजूबाजूची माणसं घामाने निथळत होती.

"काय खाल्लंत?" राजलक्ष्मीने विचारलं.

"काही नाही गं. स्वल्प झोप लागली."

तिने खात्री करायला माझा हात हातात घेतला (वास घ्यायला असणार), आणि तसाच धरून ठेवला. "हात केवढे गार पडलेत तुमचे," एवढंच म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. मग तिने हॉटेलाकडे बघितलंसुद्धा नाही. रिक्षा थांबवली आणि मला थेट डॉक्टर भार्गवींकडे नेलं. अनुसूयाम्माही बसल्या. तपासाचा शेवट बघितल्याशिवाय त्या घरी जाणार नव्हत्या.

डॉक्टर भार्गवी वयाने आपल्या प्रणीतएवढ्या. त्यांनी गळा चाचपला, घोटभर पाणी गिळायला लावलं, आणि अनुसूयाम्मांच्या देखत पोट साफ होतं का ते खणखणीत आवाजात विचारलं. (आता ते सगळ्या गल्लीला माहीत आहे.) मग रक्त तपासायला पाठवलं. निकाल आला, थायरॉईड मंदावलंय. गळ्यात एक ग्रंथी असते, ती सुस्तावली की सगळं शरीरच सुस्तावतं. थंडी वाजते, झोप येते, आणि कमी खाऊनही वजन चढतं.

"पण हे बायकांना होतं ना?" राजलक्ष्मीने विचारलं.

"बायकांना जास्त होतं," डॉक्टर म्हणाल्या, "पण पुरुषांनाही होतं."

त्या दुपारी राजलक्ष्मीने माफी वगैरे मागितली नाही. पानात भाताची मूद वाढली, वर तूप सोडलं, आणि जेवण होईपर्यंत पंखा बंद ठेवून घाम पुसत समोर बसून राहिली. मला आणखी काही नको होतं.

आता रोज सकाळी उपाशीपोटी गोळी, आणि नंतर तासभर कॉफी नाही. बेंगळुरूत जन्मलेल्या माणसाला शेजारून फिल्टर कॉफीचा वास येत असताना हा तास कसा काढावा लागतो, ते तुला सांगायला नको. पण अंगात जीव आला आहे. वजनही थोडं उतरलं. बाकीचं का उतरत नाही म्हणून विचारलं, तर डॉक्टर शांतपणे म्हणाल्या, "थायरॉईडचं होतं तेवढं गेलं. आता उरलंय ते तुमचं."

तुझा धाकटा,
शेषगिरी

ता. क. डॉक्टरांनी विचारलं होतं, घरात आणखी कुणाला आहे का, कारण हे रक्तात उतरतं. मी नाही म्हणालो. पण प्रणीत सांगत होता की तू दिवेलागणीपर्यंत झोपून असतेस, आवाज घोगरा झालाय, आणि घरात सगळ्यांना वाटतं की तू रुसली आहेस. अक्का, तू रुसलेली नाहीस असं मला वाटतं. शनिवारी सकाळी रक्त घ्यायला माणूस घरी येईल, त्याला हाकलू नको. हे पहिल्याच ओळीत लिहिलं असतं तर तू पत्र तिथेच मिटलं असतंस, म्हणून आधी माझी सगळी अब्रू मांडली.

ता. क. अक्का, मी राजलक्ष्मी. पत्र पोस्टात टाकायला माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. वजन उतरलं म्हणतात, पण काट्यावर उभं राहताना हे एका हाताने भिंत धरतात. रक्ताचं मात्र ऐका. ह्यांच्यावर विश्वास ठेवायला मला उशीर झाला, तुमच्या बाबतीत तसं व्हायला नको. (हे ह्यांना कळायला नको, म्हणून पाकीट मीच चिकटवते.)